दोन रेघांचं अक्षर आणि तीन दिवसांचं दुखणं

हे प्रकरण माझ्या एका विद्यार्थिनीचं आणि 'ल' (了) या चिनी अक्षराचं आहे. तिच्या परवानगीने लिहिते आहे. नाव, गाव आणि विद्यापीठ दिलेलं नाही. चिनी उच्चार देवनागरीत जमतील तितके जवळचे लिहिले आहेत.

पार्श्वभूमी

मुलगी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावची, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. 2019 च्या शरदात ती चीनच्या ईशान्येला, ल्यावनिंग प्रांतात एमबीबीएसला गेली. अभ्यासक्रम इंग्रजीतून होता, पण वॉर्डातला पेशंट इंग्रजी बोलत नाही. त्यामुळे चिनी भाषेची एचएसके परीक्षा चौथ्या पातळीपर्यंत देणं तिला भाग होतं. बीजिंगच्या भारतीय दूतावासाने सप्टेंबर 2022 मध्ये काढलेल्या सूचनेतही हीच अट स्पष्ट लिहिली होती.

2020 च्या जानेवारीत ती सुट्टीला घरी आली आणि कोविडमुळे जवळजवळ तीन वर्षं घरीच अडकली. जी भाषा कँटीनमध्ये, बसमध्ये, वसतिगृहाच्या जिन्यात आपोआप कानावर पडली असती, ती तिला घरात बसून वहीवरून शिकावी लागली. त्याच काळात ती माझ्याकडे ऑनलाइन आली. मी पुण्यातून चिनी शिकवते. पुढे ती परत गेल्यावरही तास चालू राहिले. आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजले की तिकडे साडेनऊ, म्हणजे तिचं जेवणखाण उरकलेलं असायचं.

ज्या अक्षराबद्दल हे सगळं आहे त्याचा उच्चार जवळजवळ आपल्या नुसत्या 'ल'सारखा. चिनी मजकुरात सर्वांत जास्त वेळा येणाऱ्या पहिल्या दहा अक्षरांत ते बसतं. त्यात रेघा दोनच. पहिली डावीकडून उजवीकडे आडवी जाते आणि पेन न उचलता खाली डावीकडे वळते. दुसरी त्या वळणाच्या टोकापासून सरळ खाली येते आणि तळाशी डावीकडे छोटासा आकडा घेते. 'मूल' या अर्थाचं जे अक्षर आहे, त्यातली मधली आडवी रेघ काढून टाकली की हे उरतं. इसवी सन 100 च्या सुमारास शू शन या चिनी विद्वानाने रचलेल्या अक्षरकोशातही त्याचं वर्णन 'हात नसलेलं मूल' असंच आहे.

लिहिताना काय झालं

दोन रेघांत चुकायला जागा कुठे, असं मला वाटलं होतं. पण तिचं अक्षर पहिल्या आठवड्यात वेगळंच दिसत होतं, मधोमध टेकू दिलेल्या पाटीसारखं. कॅमेरा वहीवर धरायला सांगितला तेव्हा कळलं की ती आधी उभी रेघ ओढत होती आणि आडवी नंतर वरून देत होती. आपण शाळेत अक्षर आधी काढतो आणि शिरोरेषा शेवटी देतो. हाताला तेच वळण होतं. वरचं वळण हरवलं की हे अक्षर 'तिंग' नावाच्या दुसऱ्याच अक्षरासारखं दिसू लागतं. कुंग-पाव चिकनच्या चिनी नावात शेवटी येणारं ते हेच, बारीक चौकोनी तुकडे या अर्थाचं.

उपाय सोपा होता. चार खणांची चौकट असलेली वही घेतली, वरून खाली हा क्रम धरला, आकडा घेण्याआधी पेन क्षणभर थांबवायचं ठरवलं. दहा दिवसांत अक्षर सुधारलं. लिहिण्याचा प्रश्न तिथे संपला आणि वापरही तितकाच सोपा असेल असं आम्ही दोघींनी गृहीत धरलं.

माझी चूक

अक्षराचा अर्थ सांगताना मी एक वाक्य बोलले होते, ते मला शब्दशः आठवतं: "गेला, केला, खाल्लामधला ल आहे ना, तोच हा समज." ते तिला फार आवडलं. इंग्रजीतून भूतकाळाचे नियम पाठ करण्यापेक्षा हे कितीतरी जवळचं होतं. 'गेलो' म्हणजे 'छ्यू ल', 'खाल्लं' म्हणजे 'छ्र ल'. पहिले काही महिने तिची वाक्यं भराभर बरोबर येत गेली.

मग चुका दिसू लागल्या, सगळ्या एकाच घरातल्या. 'काल फार थंडी होती' याला ती शेवटी ल लावायची. चिनीत तिथे ल येत नाही, कारण ती स्थिती आहे, घडलेली गोष्ट नाही. 'मी गेले नाही' याला ती 'मेइ छ्यू ल' म्हणायची. चिनीत 'मेइ छ्यू' एवढंच. गेलेच नाही तर जाणं पुरं झालं कुठे? मराठीत मात्र नकारातही 'गेले'चा ल तसाच राहतो, म्हणून तिच्या कानाला काही खटकायचं नाही. मी लाल पेनाने ल खोडत गेले आणि हळूहळू बसेल असं म्हणत पुढे सरकले. घरात, कानावर दुसरं चिनी काहीच पडत नसताना, माझं ते एक वाक्य तिच्यासाठी नियम होऊन बसलं होतं.

अडचण उघडी पडली ती वॉर्डात

2023 मध्ये ती रुग्णालयात निरीक्षणासाठी जाऊ लागली. विद्यार्थ्यांनी पेशंटशी बोलायचं आणि ऐकलेलं वरिष्ठ डॉक्टरांना इंग्रजीतून थोडक्यात सांगायचं, अशी पद्धत होती. उपचाराचा निर्णय अर्थात डॉक्टरच घेत.

एक वयस्कर बाई पोट धरून आल्या होत्या. म्हणाल्या, "तु-त्झ थंग ल सान थ्येन ल." शब्द सगळे ओळखीचे: तु-त्झ म्हणजे पोट, थंग म्हणजे दुखणं, सान थ्येन म्हणजे तीन दिवस. मुलीने 'थंग ल' ऐकलं, मनात 'दुखलं' असं भाषांतर केलं आणि डॉक्टरांना सांगितलं की पेशंटला तीन दिवस पोटदुखी होती, आता नाही. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि बाई कळवळल्या.

बाईंच्या वाक्यात ल दोनदा होता. पहिला क्रियापदाला चिकटलेला, दुसरा वाक्याच्या अगदी शेवटी. नुसतं 'थंग ल सान थ्येन' म्हटलं तर दुखणं त्या तीन दिवसांत आटोपलं असा अर्थ निघतो, किंवा ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट पाहतो. शेवटी दुसरा ल आला की हिशेब आत्तापर्यंत येऊन भिडतो: तीन दिवस झाले, पोट दुखतंय. तिच्या कानाला तो शेवटचा ल ऐकू आला होता. पण तिच्या हिशेबी ल म्हणजे भूतकाळ, त्यामुळे दुसऱ्याने पहिल्यालाच दुजोरा दिला.

पेशंटला काही अपाय झाला नाही. डॉक्टर रागावलेही नाहीत, परत विचार एवढंच म्हणाले. पण त्या रात्री ती तासाला बसली तेव्हा वही उघडलीच नाही. "ताई, मी चार वर्षं हे अक्षर लिहितेय आणि मला ते येत नाही," असं म्हणाली.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय तिनेच मांडला: सगळे नियम यादी करून पाठ करायचे. अशा याद्या भरपूर मिळतात, आणि चौथ्या पातळीची परीक्षा जवळ आली होती. त्या परीक्षेच्या शंभर प्रश्नांतले पंधरा लेखनाचे असतात. त्यातल्या दहांत विस्कटलेले शब्द लावून वाक्य करायचं असतं, म्हणजे ल कुठे बसवायचा हे तिथे थेट तपासलं जातं. यादीने गुण मिळाले असते. पण खाटेशेजारी उभं राहून यादी आठवत नाही, म्हणून मी तो मुख्य मार्ग म्हणून नाकारला.

दुसरा पर्याय ल टाळण्याचा. 'काल', 'आत्ता', 'आधीच' असे कालवाचक शब्द वापरून काम भागतं आणि कितीतरी परदेशी लोक तसंच बोलतात. बोलताना हे चालेल. पण पेशंट काय बोलेल हे तिच्या हातात नव्हतं, आणि तिची चूक ऐकण्यातली होती.

तिसरा म्हणजे मराठीचा आधार पूर्ण सोडायचा, मी दिलेली खूण पुसून टाकायची. माझा कल दोन दिवस तिकडेच होता. चूक माझ्या खुणेतून आली होती, ती काढणं प्रामाणिक वाटत होतं.

मग एक साधी गोष्ट घडली. तासाच्या मध्येच तिच्या खोलीचं दार वाजलं. ती मराठी मैत्रिणीला "आले, आले!" म्हणून ओरडली आणि खुर्चीवरून उठायला लागली. मी तिला तिथेच थांबवलं. "तू अजून उठलीही नाहीस आणि 'आले' म्हणालीस. हा भूतकाळ आहे का?" चिनी माणूसही अशा वेळी "लाय ल, लाय ल!" असंच म्हणतो. हॉटेलातला वाढपी बशी हातात घ्यायच्या आधी हेच म्हणतो.

आमच्या खुणेतला मराठीचा भाग बरोबरच होता. आम्ही मराठीच अर्धी पाहिली होती. 'गेला', 'केला' या रूपांना व्याकरणात लाख्यात म्हणतात. त्यांचा उगम संस्कृतातल्या 'गत', 'कृत' अशा कृदंतांत, म्हणजे धातूपासून झालेल्या विशेषणांत आहे. प्राकृतात त्यांना 'इल्ल'सारखा प्रत्यय जोडला गेला आणि त्यातून आपला ल आला. 'मी आंबा खाल्ला' आणि 'मी कैरी खाल्ली' यांत क्रियापद अजूनही आंब्याच्या आणि कैरीच्या मागे जातं, ते याच जुन्या नात्यामुळे. काम पुरं झालं हा त्या रूपाचा मूळ भाव. म्हणूनच आपण 'उद्या जेवलो की निघतो' म्हणतो. उद्याचं जेवण, तरी 'जेवलो'. चिनीत तिथे हुबेहूब 'छ्र ल फान' येतं. चिनी ल आला तोही 'ल्याव' म्हणजे 'संपणं' या क्रियापदातून. चीनच्या तांग राजवटीच्या काळातल्या मजकुरात ते क्रियापद वाक्याच्या शेवटी येऊन काम संपल्याचं सांगतं, पुढे झिजत झिजत हलका ल झालं. दोन भाषांचं नातं नाही आणि उच्चार जुळला हा योगायोग. पण पुरं होण्याकडून निघालेली वाट दोन्हीकडे सारखी आहे.

म्हणून चौथा पर्याय घेतला: मराठीचा आधार ठेवायचा, पण तिच्या रोजच्या बोलण्यातून, आणि जिथे जुळत नाही तिथे तसं लिहून ठेवायचं.

काय केलं

एक वही केली. रोज कानावर पडलेली तीन वाक्यं लिहायची, ज्यांत ल आहे. पुस्तकातली चालणार नाहीत. तीन रकाने: वाक्य, ल कुठे पडला (क्रियापदाला, शेवटी की दोन्हीकडे), आणि त्याच ठिकाणी तिच्या आजीने गावात काय म्हटलं असतं. तिसरा रकाना मी मुद्दाम आजीच्या नावाने ठेवला. 'योग्य भाषांतर लिही' म्हटलं असतं तर तिने पुस्तकी मराठी लिहिली असती आणि पुन्हा भूतकाळच आला असता.

पहिल्या आठवड्यातल्या नोंदी मला अजून पाठ आहेत. बसमध्ये शेजारचा, थांबा यायच्या आधीच: "ताव ल." तिसऱ्या रकान्यात "आलं!" खिडकीतून बाहेर पाहून मैत्रीण: "श्या-यू ल." तिथे "पाऊस आला." कँटीनची बाई रिकामं पातेलं दाखवून: "मेइ यौ ल." तिथे "संपलं." दुकानदार: "नी त्वो ता ल?" तिथे "वय काय झालं गं तुझं?" या प्रश्नात आपण 'झालं' म्हणतो हे तिच्या आधी कधी लक्षात आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

'मेइ यौ ल'ने पेच आणला. मी तिला 'मेइ असलं की ल नाही' असं बजावलं होतं. इथे दोन्ही एकत्र. पुढच्याच आठवड्यात वॉर्डातून वाक्य आलं: "सान थ्येन मेइ छ्र फान ल." तीन दिवस झाले, जेवले नाहीत. नियम मोडला, की नियमच अर्धा होता? इथे पुन्हा निर्णय घ्यावा लागला. अपवाद म्हणून बाजूला ठेवता आलं असतं. आम्ही थांबून दोन ल वेगळे केले. क्रियापदाला चिकटलेला ल काम पुरं झाल्याचं सांगतो, तो नकाराबरोबर राहत नाही. वाक्याच्या शेवटचा ल 'आता परिस्थिती अशी झाली आहे' असं सांगतो, आणि त्याला नकाराचं वावडं नाही. हे पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर डोक्यावरून गेलं असतं. पंचवीसेक वाक्यं हाताशी आल्यावर तिने ते स्वतःच मांडलं, मी फक्त हो म्हणाले.

वॉर्डात याचा उपयोग सर्वांत आधी एका छोट्या जोडीत झाला. 'पु थंग' म्हणजे दुखत नाही. 'पु थंग ल' म्हणजे आता दुखायचं थांबलं, आधी दुखत होतं. डॉक्टरला या दोन उत्तरांतला फरक कळलाच पाहिजे.

दुसरी नोंद एका रात्रीच्या पाळीतली. मूतखड्याचा पेशंट ओरडत होता: "शौ पु ल्याव ल!" हे वाक्य लिहून काढलं की तेच दोन रेघांचं अक्षर लागोपाठ दोनदा येतं. पहिल्यांदा त्याचा जुना उच्चार 'ल्याव', दुसऱ्यांदा 'ल'. पहिलं सांगतं की सोसणं तडीस जात नाही, दुसरं सांगतं की आता ती वेळ आली आहे. तिसऱ्या रकान्यात तिने लिहिलं होतं: "सोसवेना आता." 'सोसवत नाही' आणि 'सोसवेना' यांत जो फरक आहे तो आपल्याला शिकवावा लागत नाही.

जिथे मराठी कामाला आली नाही त्या नोंदीही वहीत आहेत, तिसरा रकाना रिकामा ठेवून. 'थाय क्वेइ ल', फारच महाग. यातल्या लला आपल्याकडे जोड नाही, तो तसाच पाठ केला. उलट काही ठिकाणी मराठी चिनीपेक्षा नेमकी निघाली. 'लहानपणी रोज पोहायला जायचे' हा रीतिभूतकाळ. आपण तिथे 'गेले' म्हणत नाही आणि चिनीतही तिथे ल येत नाही. मनात 'जायचे' आलं की ल लिहायचा नाही, ही खूण तिला एका दिवसात बसली. 'तो चीनला गेलाय' आणि 'तो चीनला जाऊन आलाय' यांतला फरकही तसाच. पहिल्याला ल, दुसऱ्याला 'क्वो' हे वेगळं अक्षर.

परिणाम

दोन महिन्यांत ऐकण्यातला गोंधळ बराच निवळला. वॉर्डात ती शेवटचा ल येईपर्यंत थांबू लागली. पुढे एचएसकेची चौथी पातळी ती उत्तीर्ण झाली.

बोलण्यात मात्र सुधारणा कमी झाली. घाईत असली की 'मेइ छ्यू ल' अजून तोंडून निघतं. निबंधात जिथे तीन-चार घटना ओळीने सांगायच्या असतात तिथे ती प्रत्येक क्रियापदाला ल लावते. चिनी माणूस बहुतेक जागा मोकळ्या सोडून एखाद्याच ठिकाणी लावतो. यावर मला चांगली रीत सापडलेली नाही. सध्या आम्ही छोटे उतारे मोठ्याने वाचतो आणि लेखकाने ल कुठे गाळला हे पाहतो.

पुन्हा करायची वेळ आली तर

'गेलामधला ल' ही खूण मी आजही देईन, पण त्याच तासात 'आले, आले!' आणि 'जेवलो की निघतो' ही दोन वाक्यंही देईन.

वहीही पहिल्या वर्षापासून सुरू करेन. तेव्हा ती गावात अडकली होती, कानावर चिनी पडत नव्हतं हे खरं, पण मालिका आणि बातम्या होत्या. मी त्या करमणूक समजून बाजूला ठेवल्या. रोज तीन वाक्यं तिथूनही मिळाली असती. लाल पेनाने खोडलेला प्रत्येक ल तिथेच सोडून दिला, हेही चुकलं. चुका एका घरातल्या आहेत हे मला दिसत होतं, म्हणजे त्यांचं मूळ शोधायची वेळ तेव्हाच आली होती.

सर्वांत जास्त लागतं ते एका प्रश्नाचं. व्याकरणाआधी मी तिला एक वाक्य पाठ करून द्यायला हवं होतं: "श्येन-त्साय हाय थंग मा?" आत्ता अजून दुखतंय का? एवढं विचारलं असतं तर त्या बाईंच्या वाक्यातले दोन्ही ल चुकीचे ऐकूनही काही बिघडलं नसतं. भाषा नीट यायला वर्षं लागतात आणि पेशंट तेवढा थांबत नाही. आता परदेशी शिकणारी वैद्यकीय शाखेची मुलं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना हे वाक्य पहिल्या आठवड्यात देते, अक्षरं लिहिता यायच्या आधी.

वही अजून चालू आहे, आता रोज नाही, आठवड्याला दोन-तीन नोंदी. गेल्या महिन्यात तिने एक वाक्य पाठवलं. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी एक आजोबा म्हणाले होते, "हाव त्वो ल." तिसरा रकाना रिकामा होता. मी सुचवलं, 'बरंच बरं वाटतंय' लिही, मराठीत इथे ल येत नाही. थोड्या वेळाने तिने वहीचा फोटो पाठवला. माझं वाक्य लिहून एका रेघेने खोडलं होतं आणि खाली लिहिलं होतं: "उतार पडला."